आईबाबांना कुठला समुद्र दाखवू?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: ती १२ वर्षं लीड्समध्ये राहते. येत्या जूनमध्ये तिचे आईबाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच इंग्लंडला येत आहेत, सहा आठवड्यांसाठी. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त इतिहास शिक्षक, माळकरी. उजवा गुडघा दुखतो. आई ६६ वर्षांची, माहेर गुहागरजवळचं, मासे आवडीने खाणारी. तिने नऊ दिवसांची सहल आखली आहे: स्टोनहेंज, बाथ, डर्डल डोअर, क्लोव्हेली, टिंटॅजेल, पोर्ट आयझॅक, सेंट आइव्ह्ज, सेंट मायकल्स माउंट, पोलपेरो. सात हॉटेलं, त्यातल्या एकाचे पैसे परत मिळणार नाहीत. नवरा म्हणतो, फार होतंय. पुण्यातला भाऊ फोनवर म्हणाला, "समुद्रच दाखवायचा तर गुहागरला नेलं असतंस." आईबाबा म्हणतात, "तू म्हणशील तिथे." ती लिहिते: "ते पुन्हा येतील की नाही कोणास ठाऊक. काही सुटायला नको असं वाटतं. मावशी, मी चुकतेय का?"

मावशी म्हणालीस, म्हणून मीही 'तू' म्हणते.

तुझी यादी घेऊन बसले आणि आधी नुसते तास मोजले. लीड्सहून स्टोनहेंज, वाहतूक सरळ असेल तर साडेचार तास. पोलपेरोहून परत लीड्स, न थांबता सहा तासांच्या वर. मधली ठिकाणं वेगळीच, आणि डेव्हन-कॉर्नवॉलमधले रस्ते तुला ठाऊक असतील: दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच झुडपांच्या भिंती, समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यायची. नऊ दिवसांतले कितीतरी तास आईबाबा मागच्या सीटवर बसून काढणार. त्यात बाबांचा गुडघा दुमडलेलाच राहणार.

तुझा जीव कशात अडकलाय ते मला समजतं. ते पुन्हा येतील की नाही, हा प्रश्न इथे राहणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात आहे, माझ्याही होता. पण या भीतीने आपण यादी लांबवत जातो. एक गाव वाढवलं की वाटतं, चला, एवढं तरी झालं. जरा थांबून बघ, ही यादी कोणासाठी आहे? त्यात बाबांनी सुचवलेलं एक तरी नाव आहे का? "तू म्हणशील तिथे" हे आपल्याकडच्या आईबाबांचं ठरलेलं उत्तर असतं, त्याचा अर्थ "आम्हाला काहीच आवडनिवड नाही" असा घ्यायचा नसतो. लेकीला त्रास नको, खर्च नको, एवढंच त्यात असतं. "कुठे जायचं?" असं विचारलंस तर तेच उत्तर येणार. त्याऐवजी विचार, "बाबा, किल्ला बघायचा की चर्च? आई, तुला नुसतं पाण्याजवळ बसायला आवडेल की गावातून फिरायला?" मग बघ किती बोलतात.

दुसरं म्हणजे, कॉर्नवॉलच का? सुंदर आहे, वादच नाही. पण तुझ्या यादीतली बहुतेक नावं फोटोंतून आलेली दिसतात, आणि फोटोत चढ दिसत नाही. ही जुनी कोळ्यांची गावं कड्याच्या घळीत वसलेली आहेत, जिथे ओढा समुद्राला मिळतो आणि होड्यांना आडोसा मिळतो तिथे. त्यामुळे गाडी वर ठेवायची, खाली उतरायचं आणि मग तेवढंच चढायचं. क्लोव्हेलीच्या गोट्यांच्या रस्त्यावर गाड्या जातच नाहीत, आजही सामान लाकडी घसरगाड्यांवरून ओढून नेतात. टिंटॅजेलला २०१९ साली नवा पूल झाला, त्यामुळे दरीतल्या पुष्कळ पायऱ्या वाचतात, तरी गावातून किल्ल्यापर्यंतची वाट उताराचीच. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे बाबांना विचारलंस तर तेही सांगतील. सपाटीवर मात्र ते दोन-तीन किलोमीटर सहज चालत असतील. म्हणजे अडचण चालण्याची नाही, उताराची आहे. ठिकाणं निवडताना हा फरक फार कामाला येतो.

आणि तू राहतेस लीड्समध्ये! तुझ्या दारापासून दोन तासांवर व्हिटबी आहे, तीन तासांवर लिंडिसफार्नचं बेट. ज्या माणसाने जन्मभर इतिहास शिकवला, त्याला दाखवण्यासारखं इंग्लंडच्या किनाऱ्यावर याहून मोठं काय असेल, मला तरी सुचत नाही.

व्हिटबीचंच सांगते. बंदराच्या वर, पूर्वेकडच्या कड्यावर मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. खालून १९९ पायऱ्या आहेत आणि सगळे त्याच चढतात, पण गाडी थेट वर कड्यावरही नेता येते, तिथे वाहनतळ आहे. बाबांना पायऱ्या वरून दाखव. हा मठ इसवी सन ६५७ मध्ये हिल्डा नावाच्या बाईने स्थापला. साधू आणि साध्वी दोघेही तिथे राहत आणि दोघांवर अधिकार तिचा. आज दिसतात त्या भिंती तिच्या काळच्या नाहीत, पुष्कळ नंतरच्या, तेराव्या शतकातल्या. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये मठ बंद झाला, आणि १९१४ च्या डिसेंबरात जर्मन युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या तेव्हा या अवशेषांनाही मार बसला.

पण बाबांना सांगायची गोष्ट ६६४ सालची आहे. तेव्हा इथे एक मोठी धर्मसभा भरली. प्रश्न होता ईस्टर कधी धरायचा. चंद्रावर अवलंबून असलेला सण, आणि आयरिश परंपरेचं गणित वेगळं, रोमचं वेगळं. इथल्या राजाचं एक, राणीचं दुसरं. त्यामुळे एखाद्या वर्षी राजाचा सण चालू असायचा आणि त्याच घरात राणीचा उपवास सुटलेला नसायचा. माळकरी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आली की काय होतं, हे बाबांनी घरात पाहिलेलं असणार. सभेत निकाल रोमच्या बाजूने लागला आणि इंग्लंडचा पुढचा धर्मेतिहास त्या वळणाने गेला. याच मठात गुरं राखणारा कॅडमन होता. मेजवानीत गाण्याची पाळी आपल्यावर येतेय असं दिसलं की हा उठून गोठ्यात जायचा. एका रात्री स्वप्नात त्याला गा म्हणून सांगितलं गेलं आणि तो गायला. नाव ठाऊक असलेला इंग्रजीतला सगळ्यात जुना कवी तो. हे वाचताना मला दर वेळी जनाबाई आठवते.

असं एक ठिकाण, एक अख्खा दिवस. खाली बंदराजवळच्या ज्या घरात प्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक शिकाऊ असताना राहायचा, तिथे आता त्याचं संग्रहालय आहे. त्याचं 'एंडेव्हर' जहाज याच गावात बांधलेलं, मुळात कोळसा वाहण्यासाठी. शेजारची रॉबिन हूड्स बे आणि स्टेथ्स ही गावं तुला कॉर्नवॉलमध्ये हवी होती तशीच आहेत, एकमेकांच्या अंगावर रेललेली घरं, अरुंद बोळ, चोरट्या मालाच्या कथा. आणि तितकीच खोल उतरणीची. दोन्ही करू नकोस, एकच निवड. बाबांना वरच्या बाकावर बसव आणि आईला घेऊन तू खाली जा. स्टेथ्सच्या कोळणी डोक्यावर जाड पांढरी टोपडी घालत, ओझं डोक्यावर घ्यायचं म्हणून मजबूत शिवलेली. आईला त्यात ओळखीचं काहीतरी दिसेल.

बाकांवरून आठवलं. या किनाऱ्यावर जागोजागी लाकडी बाक असतात आणि त्यांवर पितळेची छोटी पट्टी. कोणा गेलेल्या माणसाचं नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, आणि त्याला ही जागा आवडायची एवढंच. माझी आई इथे आली होती तेव्हा आम्ही एका संध्याकाळी फक्त असे बाक वाचत फिरलो. तिला इंग्रजी हळूहळू लागायचं. प्रत्येक पट्टीपाशी ती थांबायची, बोटाने अक्षरं चाचपायची, वर्षांची वजाबाकी करायची आणि म्हणायची, "बावन्नच गं." मग पुढचा बाक. त्या दिवशी आम्ही कुठलंही प्रसिद्ध स्थळ पाहिलं नाही. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकूनही अशी वेळ हाताशी राहते. दिवसाचा कार्यक्रम भरगच्च ठेवलास तर हीच वेळ पहिली जाते.

आता भावाचं बोलणं. तुला ते लागलंय, हे पत्रात दिसतं. पण त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. आईला लाटा आणि वाळू दाखवण्यात नवल नाही, ती त्यातच वाढली. पण जी बाई समुद्र ओळखते तिला दुसरा समुद्र वाचता येतो, आणि हे भावाने धरलेलं नाही. म्हणून लिंडिसफार्नला जा. हे बेट भरतीला तुटतं आणि ओहोटीला जमिनीला जोडलं जातं. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा काही तास पाण्याखाली असतो. वाटेत उंच खांबांवर एक छोटी खोली आहे, अडकलेल्यांना जीव वाचवायला. सुरक्षित वेळांचं अधिकृत तक्ता-पत्रक नॉर्थंबरलंडची काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करते. तरी दरवर्षी कोणी ना कोणी "पाच मिनिटांनी काय होतंय" म्हणत गाडी घालतो आणि बुडवतो. तू तो तक्ता आधी काढ आणि हॉटेल नंतर ठरव. माझ्या मते या सहलीचं वेळापत्रक त्या तक्त्याभोवतीच बांधावं.

बेटावर ६३५ मध्ये एडन नावाच्या साधूने मठ उभारला. ७९३ मध्ये समुद्रावरून व्हायकिंग आले आणि त्यांनी तो लुटला. पुढे ८७५ मध्ये साधूंनी बेट सोडलं ते त्यांच्याच मठातल्या संत कथबर्टची शवपेटी बरोबर घेऊन, आणि कित्येक वर्षं ती घेऊन हिंडले. अखेर ती डरहॅमला विसावली. तिथलं कॅथीड्रल १०९३ मध्ये बांधायला घेतलं आणि कथबर्टची समाधी आजही तिथे आहे. डरहॅम तुझ्या वाटेवरच पडतं. आधी समाधी, मग बेट असा उलटा प्रवास केलात तर तुला बाबांना सांगायला गोष्ट आयतीच मिळेल, किंवा त्यांनाच तुला सांगायला. मठाचे अवशेष गावालगत, सपाट जमिनीवर आहेत. बंदराकाठी जुन्या मासेमारी होड्या मधोमध कापून, पालथ्या घालून, डांबर फासून त्यांच्या खोपी केल्यात. आई तिथे थांबणार, मी लिहून देते.

तिथून खाली बँबरा आणि डन्स्टनबरा हे दोन किल्ले. डन्स्टनबराला गाडी जात नाही. क्रॅस्टर गावातून समुद्राला धरून हिरवळीवरून साधारण दोन किलोमीटर चालायचं, जवळजवळ सपाटच. मेंढ्या चरत असतात आणि समोर किल्ला हळूहळू मोठा होत जातो. लँकेस्टरचा अर्ल थॉमस, राजाचाच चुलतभाऊ, त्याने १३१३ मध्ये बांधायला घेतला. पुढे राजाविरुद्ध उठला आणि १३२२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बाबांना एक गोष्ट आवर्जून दाखव: पायाखालचा खडक. काळा, कठीण, लाव्हारसातून बनलेला. इथे त्याला व्हिन सिल म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा हा दूरचा नातलग, वयाने मात्र कितीतरी पट मोठा. बँबरा त्यावरच उभा आहे, आणि रोमन सम्राट हेड्रियनने १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या भिंतीचा मधला भागही त्याच कड्यावरून जातो. ज्यांनी मुलांना सिंधुदुर्ग आणि अजिंक्यतारा दाखवला त्यांना किल्ला खडक बघून का बांधतात हे सांगायची गरज नाही.

क्रॅस्टरला उतरलात की धुराचा वास येईल. हेरिंग मासा पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यात घालून ओकच्या भुशाच्या धुरावर टांगतात, त्याला किपर म्हणतात. आईला जरूर खाऊ घाल, तिला खारवलेल्या बांगड्याची आठवण येईल.

पण बाबांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती माझ्यासारखी उशिरा कळू नये म्हणून लिहितेय. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर बटाट्याचे चिप्स बऱ्याच दुकानांत गाईबैलांच्या चरबीत तळतात. तिथली जुनी पद्धत आहे ती, आणि ते लपवत नाहीत, पाटीवर लिहिलेलं असतं. माझे सासरे माळकरी होते. एका गावात मी त्यांना चिप्सचा पुडा आणून दिला, बटाटाच तर आहे म्हणून. चार तुकडे खाल्ल्यावर त्यांची नजर काउंटरमागच्या पाटीवर गेली. ते काही बोलले नाहीत. पुडा नीट मिटून बाकावर ठेवला, नळाशी जाऊन हात धुतले, चूळ भरली आणि गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सरकवली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण तो सदऱ्यात गेलेला हात मी विसरले नाही. तेव्हा प्रत्येक दुकानात तळण कशात आहे ते विचार. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही असतात. नाहीतर भाजलेला बटाटा, चीज, स्कोन आणि चहा यांवर दिवस निघतो. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घे, रात्री मुगाची खिचडी झाली की बाबा दुसऱ्या दिवशी खुशीत चालतील.

म्हणून माझं म्हणणं असं. एकच किनारा, दोनच मुक्काम. व्हिटबीच्या आसपास तीन रात्री, वर बँबरा किंवा सीहाउसेसकडे तीन रात्री, मधे डरहॅम. जागा तळमजल्यावरची आणि गावाच्या सपाट भागातली घे, फोनवर विचारून खात्री कर, कारण तिथल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. दिवसाला एकच ठरवलेली गोष्ट. एक दिवस पूर्ण मोकळा, कारण जूनमध्येही पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून दाट धुकं येतं. तिथले लोक त्याला फ्रेट म्हणतात. मग किल्लाही दिसत नाही आणि समुद्रही नाही. अशा दिवशी पिकरिंगहून व्हिटबीला जाणाऱ्या कोळशाच्या इंजिनाच्या गाडीत बसा, आईबाबांनी तरुणपणी तसा प्रवास केलेला असणार. वाऱ्याला अडवणारी जाकिटं इथेच घे, साताऱ्याचे स्वेटर त्या वाऱ्यात पुरत नाहीत. छोट्या गावांतली स्वच्छतागृहं संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा पाचच्या आधी एकदा सगळ्यांनी जाऊन यायचं. आणि प्रवासाचा विमा काढताना बाबांच्या गुडघ्याचं लपवू नका. लपवलंत तर ऐन वेळी त्याचाच आधार घेऊन नकार येतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही यातलं बरंच जमतं. लीड्सहून यॉर्क, पिकरिंगमार्गे व्हिटबीला थेट बस जाते. आणि जे लंडनकडे राहतात त्यांनी आईबाबांना इतक्या वर ओढत आणण्याचं कारण नाही. हेस्टिंग्ज आणि राय ही जुनी बंदरं रेल्वेने एका दिवसात होतात, ब्रायटनहून बाराव्या नंबरच्या बसने सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे दिसतात. कॉर्नवॉलच करायचं असेल तर लंडनहून पेंझन्सला रात्रीची झोपायची गाडी आहे, ती घ्या आणि सेंट आइव्ह्जला एकाच ठिकाणी चार-पाच दिवस राहा. स्टोनहेंजची हुरहुर असेल तर बाबांना आधी सांग की दगडांना हात लावता येत नाही, दोराबाहेरून बघायचं असतं. तरीही हो म्हणाले तर लंडनला जाल तेव्हा सॉल्झबरीमार्गे एक दिवस काढा.

त्या एका बुकिंगचे पैसे जातील. तारीख बदलून मिळते का विचार, नाहीच मिळाली तर जाऊ देत. शंभर-सव्वाशे पौंडांसाठी बाबांना नऊशेहून जास्त मैल गाडीत बसवू नकोस.

आणि आजच आईला फोन कर. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला येत असणार, नसेल तर तिच्या भावाला येत असेल. लिंडिसफार्नला ते उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही, प्रत्येक किनाऱ्याचा आकडा निराळा, आणि गाडी घालायची ती कौन्सिलच्या तक्त्याप्रमाणेच. पण रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकणं तेच, पौर्णिमा-अमावास्येचं उधाणही तेच. तिला इथल्या पहिल्या दिवसाची वेळ सांग आणि पुढच्या दोन दिवसांच्या तिलाच काढू दे, मग तक्त्याशी ताडून बघा. बॅग भरताना कालनिर्णय वर ठेवायला सांग, म्हणजे शोधायला नको.